उठलेली पंगत

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, नंतर कुणी म्हणायला नको. सांवेर रोडवरच्या एका फॅक्टरीत मी डिस्पॅच सांभाळते. दिवसभर ट्रकवाले आणि ट्रान्सपोर्टवाले, आणि त्यांचं ते "मॅडम, गाडी लगवा दो ना, सुबे से खड़े हैं." त्यांच्याशी बोलून बोलून जीभ अशी झाली आहे की घरी साधं "चहा ठेव" म्हटलं तरी पोरगी विचारते, "मम्मी, आज कोणावर चिडली?" कुणी वाकडं बोललं की मी तिथल्या तिथे दोन शब्द सुनावते आणि मोकळी होते. रात्री झोपही छान लागते. पण हा माझा स्वभाव झाला, आमच्या घराची रीत वेगळी आहे.

आम्ही महूचे बौद्ध. आजोबा फौजेत होते, बाबाही फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाले. बाबांचा कुणी अपमान केला तर ते आवाज चढवत नाहीत. शर्टाचं वरचं बटण लावतात, ताठ उभे राहतात आणि म्हणतात, "आपने जो कहा, ज़रा फिर से कहिए." पुन्हा म्हणायची बहुतेकांची छाती होत नाही. ज्याची होते त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार जाते, तिची पोचपावती येते आणि बाबा त्या घरचं पाणीसुद्धा पुन्हा कधी पीत नाहीत. मी लहान असताना रेशनच्या रांगेत एका माणसाने त्यांना "ऐ, पीछे हट" म्हटलं होतं. त्या माणसाने कचेरीत साहेबासमोर माफी मागेपर्यंत बाबा चकरा मारत राहिले. पुन्हा तो रस्त्यात भेटला की बाबा त्याला नमस्कार करायचे. ओळखच नसल्यासारखा, कोरडा.

लग्नानंतर मी परदेशीपुऱ्यात आले आणि इथे अपमानाचे सगळे नमुने पाहिले. आमच्या गल्लीत एक मराठी काकू आहेत, जुन्या दरबारी नोकरीतल्या घराण्याच्या. त्या चिडल्या की अबोला धरतात. अबोला म्हणजे कसला, तर भाजीवाल्यासमोर आपण दोघी उभ्या असलो तरी त्या भाजीवाल्याला सांगणार, "यांना विचार, पिशवी यांची आहे का." आणि पलीकडचे हिंदीवाले, एकमेकांना 'भिया' म्हणजे भैया म्हणणारे? ते भर चौकात एकमेकांच्या सात पिढ्या काढतात, गचांडी धरतात, आणि संध्याकाळी त्याच चौकात एकाच ठेल्यावर पोहे खात उभे असतात. मला वाटायचं, आता मला सगळं कळतं. काय बाई कळत होतं!

माझी पोरगी तिच्या कंपनीतल्या एका मुलाच्या प्रेमात पडली. मुलगा मालवी घरातला. शेती, शिवाय सांवेर रोडलाच पाइपांचं गोदाम. जात मी सांगत नाही, त्यांनीही आमची तोंडाने कधी उच्चारली नाही. मुलाचे वडील लहानपणीच गेले, त्याला वाढवलं त्याच्या ताऊजींनी, म्हणजे थोरल्या काकांनी. पांढरा कुर्ता, डोक्याला साफा, हात असे मोठे की पेला दिसू नये. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. मुलाने बरेच महिने त्यांच्यामागे धोशा लावला तेव्हा ते राजी झाले. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "लड़की अच्छी है, घर फौजी है." मग ज्याला त्याला हेच सांगत सुटले, फौजी घर, फौजी घर. मला ते खटकलं. दुसरा शब्द झाकायला हा शब्द वर ठेवताहेत असं वाटलं. पण पोरगी खूश होती, म्हणून मी, होय मीच, गप्प बसले.

माझे मिस्टर आता नाहीत. त्यामुळे आमच्या बाजूचे मोठे म्हणजे बाबा, आता पंचाहत्तरी ओलांडलेले. ते माझ्याकडेच राहतात. पोरीने सुरुवातीलाच सांगितलं होतं, "मम्मी, आजोबा मनापासून हो म्हणाले तरच मी लग्न करीन. पळून-बिळून जाणार नाही." आणि मुलगा तिला म्हणाला होता, ताऊजी नसतील तर मीही उभा राहणार नाही. शहाणी मुलं. दोन म्हाताऱ्यांच्या खांद्यावर सगळं ठेवून मोकळी झाली.

सगाई त्यांच्याकडे होती, सांवेर रोडच्या पुढे एका मॅरेज गार्डनमध्ये. जेवणाला मुद्दाम जुन्या पद्धतीची पंगत ठेवली होती. खाली पट्ट्या अंथरलेल्या, पत्तली मांडलेल्या. एका रांगेत आम्ही, समोरच्या रांगेत ते. दाल-बाफले, म्हणजे वरण आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे, वर तुपाची धार, चुरम्याचे लाडू. समोरासमोर बसवलं होतं म्हणून मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले होते. बाबा निळा कोट घालून माझ्या शेजारी मांडी घालून बसले होते, पाठ एकदम सरळ.

मग मनवार सुरू झाली. मालव्यात यजमान पंगतीत फिरतो आणि पाहुण्याच्या तोंडात स्वतःच्या हाताने लाडू घालतो, त्याला मनवार म्हणतात. पाहुण्याने नाही म्हणायचं, तोंड फिरवायचं, हात आडवा धरायचा. मग यजमानाने जबरदस्ती करायची, हनुवटी धरायची, लाडू कोंबायचा, आणि सगळ्यांनी खो खो हसायचं. हा खेळच असतो. पाहुणा जितका नाही म्हणेल तितकी मजा. हे मला आज माहीत आहे. तेव्हा अर्धवट माहीत होतं आणि बाबांना मुळीच नव्हतं.

ताऊजी ताट घेऊन आमच्या रांगेत आले. माझ्या भावाला भरवलं, हशा झाला. चुलतभावाला भरवलं, तो ठसकला, आणखी हशा. मग बाबांसमोर उकिडवे बसले. "लो ब्याईजी, म्हारा हाथ से." ब्याई म्हणजे व्याही.

बाबा म्हणाले, "जी, पत्तल पर रख दीजिए. मैं अपने हाथ से लूँगा."

"अरे, ऐसे थोड़ी! मनवार है!"

"मैं अपने हाथ से लूँगा."

समोरची रांग हसायला लागली. त्यांना वाटलं, म्हातारा रंगात आला, खेळ छान रंगणार. ताऊजींनाही तेच वाटलं. त्यांनी डाव्या हाताने बाबांची हनुवटी धरली. मी "अहो" म्हणेपर्यंत लाडू बाबांच्या ओठांवर दाबला होता. बाबांनी ओठ घट्ट मिटलेले. चुरा कोटावर सांडला. आणि बाबांनी ताऊजींचं मनगट पकडलं.

नुसतं धरलं नव्हतं, पकडलं होतं. म्हातारपणी एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. मनगट त्यांनी सावकाश खाली नेलं आणि पत्तलीच्या कडेला आणून सोडून दिलं. शिवी नाही, शब्द नाही. कोटाचं वरचं बटण मात्र लावलं.

ताऊजी उठले. चेहरा लालबुंद. म्हणाले, "आज तक किसी ने म्हारा हाथ नी पकड़्यो." आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. समोरच्या रांगेतला एक म्हातारा बाफला तोडत होता. त्याने हात झटकला आणि उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा. मग पुढचा. बघता बघता सगळी रांग उभी. पत्तलीवर अर्धवट दाल, मोडलेले बाफले, आणि माणसं हात न धुता गेटकडे चाललेली. आम्ही आमच्या रांगेत बसलेलो, समोर उष्ट्या पत्तली.

आमच्या माणसांत आमच्याबरोबर जेवायला बसलेले लोक हात झटकून उठतात याचा एकच अर्थ असतो. तो कुणी शिकवावा लागत नाही. माझ्या भावाने तोंडातला घास पत्तलीत टाकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहून ओरडले, "हे काय चाललंय? क्या तमाशा है ये?" पण ऐकायला होतं कोण? पोरगी स्टेजवर हातात फुलांची माळ घेऊन उभी होती आणि तो मुलगा एकदा तिच्याकडे, एकदा गेटकडे बघत होता. शेवटी तो ताऊजींच्या मागे धावला. तेव्हा मला त्याचाही राग आला. आता नाही येत.

बाबा मात्र बसलेच होते. त्यांनी पत्तलीवरचं सगळं सावकाश संपवलं, अन्न टाकायचं नाही म्हणून. लाडवाला तेवढे शिवले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी ताऊजींचा निरोप आला. ज्या लोकांसमोर त्यांचा हात अडवला, त्याच लोकांसमोर बाबांनी त्यांच्या हातचा लाडू खावा, नाहीतर संबंध संपला. मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "लिहून घे. ज्या लोकांसमोर ते उठले, त्याच लोकांसमोर त्यांनी उठण्याची माफी मागावी. नाहीतर संबंध संपला." दोघांची अट बघा, शब्दाला शब्द सारखी. आणि मध्ये माझी पोरगी. ऑफिसला जात होती, येत होती, जेवत होती. रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटत होती. एकदा भांडी लावता लावता म्हणाली, "मम्मी, लग्न नाही झालं तर मी दुसरं करणार नाही. धमकी नाही देत. फक्त तुला माहीत असावं." आणि ताटं रॅकमध्ये लावत राहिली.

माझं डोकं फिरलं. मी बाबांच्या खोलीत गेले. ते खाटेवर बसून बूट पॉलिश करत होते. मी म्हणाले, "बाबा, एक लाडू! एक लाडू खाल्ला असता तर काय बिघडलं असतं? माणूस प्रेमाने भरवत होता. फौजेत काय काय सोसलंत, आणि नातीसाठी एक लाडू जड झाला?" बोलत गेले, बोलत गेले. मी बोलायला लागले की थांबत नाही.

बाबांनी ब्रश खाली ठेवला. म्हणाले, "दार लाव."

मग त्यांनी सांगितलं. सात-आठ वर्षांचे असतील. आईबरोबर खानदेशात आजोळी गेले होते. गावच्या मोठ्या वाड्यावर लग्न होतं. आमची माणसं बाहेर उकिरड्याच्या बाजूला बसलेली, उरलंसुरलं मिळायची वाट बघत. वाड्यातली तरणी पोरं लाडवांचं ताट घेऊन आली आणि त्यांना खेळ सुचला. म्हणाली, जो तोंड उघडून बसेल त्याला लाडू. हाताने घ्यायचा नाही, तोंडात झेलायचा. मग लांबून लाडू फेकायला लागली. कुणाच्या कपाळावर, कुणाच्या डोळ्यावर. पडला तर धुळीतून उचलायचा नाही, हरला. वाड्याच्या पायरीवर सगळे पोट धरून हसत होते.

"तुम्ही..." मी म्हणाले.

"मी उघडलं होतं तोंड," बाबा म्हणाले. "माझ्या बरोबर तोंडात पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या." मग म्हणाले, "गोड होता. मला आवडला होता. मी पुन्हा तोंड उघडलं."

ते बुटाकडे बघत होते. मी जमिनीकडे. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्या हातचा घास तोंडात घेतला नाही. त्यांच्या आईच्याही नाही. ते हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा चमचा हातात धरवत नव्हता, अर्धी पेज छातीवर सांडत होती, पण मला भरवू देत नव्हते. मी तेव्हा म्हणत होते, काय हा हट्टी म्हातारा! मी म्हणाले, "बाबा, मी जाते आणि त्यांना हे सांगते. कळेल त्यांना."

"खबरदार," बाबा म्हणाले. आवाज तोच, कवायतीचा. "सांगितलंस तर मी मेलो असं समज. मला त्यांची दया नको आहे."

झालं. म्हणजे किल्ली हातात दिली आणि वापरायची बंदी. तरीही मी गेले. अर्ध्या दिवसाची सुटी टाकली आणि स्कूटीवरून सरळ ताऊजींच्या गोदामावर. पाइपांच्या थप्प्या, मध्ये एक खाट, खाटेवर ताऊजी. मला बघून उभे राहिले, कामावरच्या पोराला खुर्ची आणायला सांगितली, पाणी मागवलं. माणूस रागात असला तरी रीत सोडत नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगते.

"ब्याणजी," ते म्हणाले. ब्याण म्हणजे विहीण. "आप काहे को तकलीफ करी. बात मरदों की है."

हे ऐकून बरंच झालं. भीती होती ती गेली, नुसता राग उरला. "बात मेरी लड़की की है," मी म्हणाले. "आणि तुमच्या मुलाची. तुम्ही दोघं फक्त मध्ये बसला आहात."

ताऊजी म्हणाले, "म्हारा हाथ का कौर ठुकराया उन्होंने. सबके सामने. हमारे यहाँ इसका मतलब जानती हो? कि तेरा हाथ खाने लायक नी है. गंदा है. फिर म्हारे भाई-बंद कैसे बैठे रहते? घर का बड़ा बेइज़्ज़त हो और हम लड्डू खाएँ?"

मी हसले. खरंच हसले, आणि ते हसू माझं मलाच विचित्र वाटलं. "हाथ गंदा? मेरे बाप ने आपका हाथ गंदा बताया? ताऊजी, ज़रा सोच के बोलो. उस दिन हम खाना खा रहे थे. हम. और आपके लोग हमारे सामने से थाली छोड़ के उठ गए. आप बता रहे हो मुझे, गंदा किसने किसको कहा?"

ते माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागले, पहिल्यांदाच पाहिल्यासारखे. बाहेर ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याचा भोंगा वाजत होता. मला स्पष्ट दिसलं, की या माणसाच्या डोक्यात ही गोष्ट तोपर्यंत आलीच नव्हती. त्यांचे लोक उठले ते आपल्या मोठ्या भावाच्या हातासाठी. आमच्याकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. आणि का आली नव्हती डोक्यात? कारण कधी यायची गरजच पडली नव्हती. मला त्याचाही राग आला.

ताऊजी म्हणाले, "मैंने उस नज़र से नी देखा था."

"मग आता बघा."

"पर उन्होंने म्हारा हाथ क्यों पकड़ा? बैर क्या है? खेल था वो तो."

इथे माझी परीक्षा होती. जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. मी ओठ चावला. "ते मला सांगता येणार नाही," मी म्हणाले. "मैं नहीं बता सकती. लेकिन बैर नहीं है."

ताऊजींनी साफा काढून मांडीवर ठेवला, डोकं खाजवलं. "जिनके सामने गई, उन्हींके सामने लौटेगी," ते म्हणाले. "इज़्ज़त बंद कमरे में वापस नी आती. सबको बुलाओ, बैठेंगे."

"बसू," मी म्हणाले. "पण यावेळी आमच्याकडे. परदेशीपुऱ्यात, आमच्या समाजाच्या हॉलमध्ये. आमच्या घरच्या बायका रांधतील. तुमचे सगळे येतील आणि जेवतील. तुमचे ते पहिले उठलेले म्हातारेही."

पाणी तसंच ठेवलं होतं, ते उचलून मी पिऊन टाकलं, त्यांच्या समोर. ताऊजी म्हणाले, "हओ. आएँगे."

घरी येऊन मी बाबांना एवढंच सांगितलं की ते जेवायला येताहेत. बाबा म्हणाले, "माफी?" मी म्हणाले, "ते त्यांना विचारा." त्या आठवड्यात मला एक घास गोड लागला नाही. ते आलेच नाहीत तर? आले आणि पाणी पिऊन, उपास आहे म्हणून बसले तर? मी हे असले उपास पाहिलेले आहेत. आणि बाबांनी पुन्हा बटण लावलं तर? पोरीला विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला आता काही वाटून घ्यायचं नाही."

रविवारी आमचा हॉल सजवला. आम्ही पुऱ्या, वांग्याची भाजी, वरण-भात केला. लाडूही केले, मुद्दाम, चुरम्याचेच. शेजारच्या त्या अबोल्यावाल्या काकूसुद्धा मदतीला आल्या आणि माझ्याशी चक्क बोलल्या, इतकी माझी दशा दिसत असावी. ते आले. सगळे आले. गाड्यांमधून उतरले, चपला काढल्या, आमची बुद्धवंदना चालू होती तर भिंतीकडे उभे राहिले. मग पंगत बसली, पुन्हा समोरासमोर. ते पहिले उठलेले म्हातारे माझ्या बरोबर समोर. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, नुसती हाताकडे.

वाढायला सुरुवात व्हायच्या आधी ताऊजी रांगेतून उठले. ते लाडवांच्या ताटाजवळ गेले, एक लाडू उचलला आणि बाबांकडे निघाले. मनात म्हटलं, गेलं, सगळं गेलं, हा माणूस पुन्हा भरवणार! पोरगी दाराशी उभी होती, तिने डोळे मिटले.

ताऊजी बाबांसमोर गुडघे टेकून बसले. लाडू बाबांच्या हातात दिला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हम उस दिन थाली छोड़ के उठे. गलती हुई. ब्याईजी, आज आप म्हारे को खिलाओ." आणि त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

काय सुंदर तोड काढली होती माणसाने! माफी झाली, मनवार झाली, हात त्यांचा नाही, बाबांचा. त्यांच्या रांगेतून "वाह" आलं. माझा भाऊ टाळी वाजवायला लागला. सगळ्यांना वाटलं, मिटलं. फक्त मला आणि बाबांना माहीत होतं, की बाबांसमोर एक माणूस गुडघ्यावर बसून, डोळे मिटून, लाडवासाठी तोंड उघडून होता.

बाबांचा हात वर उठला नाही. लाडू बोटांत दाबला जातोय, चुरा मांडीवर पडतोय. टाळी थांबली. समोरच्या रांगेत कुजबूज. ते पहिले म्हातारे गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या बेतात.

बाबा म्हणाले, "मुँह बंद कीजिए."

ताऊजींनी डोळे उघडले.

"मुँह बंद कीजिए, भाईसाब," बाबा पुन्हा म्हणाले. आवाज कवायतीचा नव्हता. "मैं छोटा था. एक शादी में हमारे मुँह खुलवाए थे. दूर से लड्डू फेंकते थे, हम झेलते थे, लोग हँसते थे. मैंने भी खोला था. इसलिए उस दिन आपका हाथ पकड़ा. और इसलिए आपको ऐसे नहीं खिला सकता. किसी को नहीं खिला सकता."

मला सांगायची बंदी केली होती, आणि स्वतः भरल्या हॉलमध्ये, दोन्ही रांगांसमोर सांगून टाकलं.

ताऊजींनी तोंड मिटलं. मग त्यांनी हात पुढे केला, तळवा वर करून. बाबांनी लाडू त्या तळव्यावर ठेवला. ताऊजींनी तो स्वतःच्या हाताने खाल्ला, सावकाश, गुडघ्यावर बसूनच. खाऊन झालं तरी उठेनात. मान खाली. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"हमारे गाँव में भी होता था, ब्याईजी. यही खेल." ते म्हणाले. "मैं हँसने वाले छोरों में था. एक-दो बार फेंका भी."

त्यांच्या रांगेतला एकही माणूस वर बघत नव्हता. मला वाटलं, आता उठावं आणि या माणसाच्या कानाखाली वाजवावी, दोन्ही रांगांसमोर, साफ्यासकट. मग लग्न मोडो नाहीतर राहो. मी अर्धी उठलेच होते. बाबांनी माझ्याकडे न बघता माझा पदर धरला.

मग बाबा ताऊजींना म्हणाले, "बैठिए. खाना ठंडा हो रहा है." आणि मला म्हणाले, "वाढ."

लग्न झालं, ते सांगून टाकते. ठरल्या दिवशी, नीट, दोन्ही बाजूंची सगळी माणसं होती. पोरगी सुखात आहे. बाबा आणि ताऊजी आता फोनवर गुडघेदुखीच्या गोळ्यांबद्दल बोलतात. सगळे म्हणतात, केवढ्या मनाचे दोघं. आहेतच.

पण त्या दुपारी वरणाचं भांडं माझ्या हातात होतं. मी रांगेत वाढत वाढत ताऊजींच्या पत्तलीसमोर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी एक पळी वरण घातलं. ते हळूच म्हणाले, "बस." त्यांच्याकडे पहिल्या 'बस'ला कुणी थांबत नाही, आणखी दोनदा तरी वाढतात. आमच्याकडेही तसंच आहे. मी थांबले आणि पुढच्या पत्तलीकडे गेले.